मोटारीची खोड

“हात ठेवा मोटारीवर आन् सांगा,” बाई म्हणाल्या.

मी हातातले पावतीपुस्तक टेबलावर ठेवले. शोरूममध्ये आम्ही चौघे होतो. केबिनच्या दारात शेठ उभे होते. मोटारीच्या एका बाजूला गिऱ्हाईक, म्हणजे हरी विशे, आणि त्याच्या शेजारी पदर खोचून त्याची बायको भागीबाई. दुसऱ्या बाजूला मी.

“काय सांगू?” मी विचारले.

“हिची खोड.”

शेठ हसले. “पोतदार, तुमच्या गावचे लोक मोटार घ्यायला आले की म्हैस?”

“म्हैस घ्याला आलो असतो तर तुमाकडं कशाला येऊ, शेठ?” भागीबाई म्हणाल्या. “तुमाकडं गोठा नाय.”

हे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे. मी तेव्हा मुंबईत जुन्या मोटारी विकणाऱ्या एका पेढीत सेल्समन होतो. सेल्समन होण्यापूर्वी त्याच पेढीच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षे काढली होती, त्यामुळे गाडीचे बोनेट उघडले की आत काय आहे ते मला समजत असे. माझे मूळ गाव शहापूर. म्हणून शहापूर-मुरबाड, वाशिंद या बाजूचे कोणी आले की शेठ मला पुढे करीत. तशी त्या भागातून गिऱ्हाइके क्वचितच येत. एखादा भातगिरणीवाला, एखादा जंगलाचा ठेकेदार. स्वतःच्या हाताने चालवून पोट भरण्यासाठी मोटार घेणारा हरी हा माझ्याकडे आलेला पहिलाच माणूस.

हरी मुरबाडचा टांगेवाला. कल्याण-मुरबाड रस्त्यावर सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या आणि त्याच्या टांग्याची उतारू मंडळी तिकडे गेली. त्याने काही दिवस घोड्याला दाणा घालीत वाट पाहिली. मग कल्याणच्या एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर म्हणून राहिला, गाडी चालवायला शिकला, लायसन्स काढले, आणि घोडा व टांगा दोन्ही विकून टाकले. सर्व्हिस मोटार जिथे जात नाही त्या गावांना, म्हसा या गावाच्या बाजूला, आपली स्वतःची मोटार चालवायची असा त्याचा बेत होता. परतीची वाट त्याने ठेवली नव्हती. ही मोटार चालली तर त्याचे घर चालणार होते.

त्याने पसंत केलेली गाडी कापडी टपाची, सहा सिलिंडरची टूरिंग मोटार होती. इंजिन चांगले होते. हे मी आजही म्हणेन. हरीने ती ज्या रीतीने पाहिली, त्या रीतीने मोटार पाहताना मी दुसऱ्या कोणाला पाहिले नाही. तो आधी लांबून तिच्याभोवती फिरला. मग जवळ येऊन एकेका टायरवर तळवा फिरवला. इंजिन सुरू केल्यावर आवाज ऐकायचे सोडून त्याने मडगार्डवर हात ठेवला आणि थरथर किती आहे ते पाहिले. त्यानंतर आम्ही ट्रायलला गेलो.

ट्रायल म्हणजे गिऱ्हाइकाला गाडी चालवून दाखवणे. आमच्या धंद्यात ट्रायलचा रस्ता गिऱ्हाईक ठरवीत नाही, गाडी ठरवते. ज्या गाडीचे इंजिन दमते तिला चढावर न्यायचे नाही. जिचा टप गळतो तिला पावसात काढायचे नाही. या गाडीचा दोष ब्रेकमध्ये होता. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढत असे. म्हणून शेठनी तिच्यासाठी सपाट, मोकळा रस्ता नेमून दिला होता आणि परतताना डाव्या हातालाच वळून आमच्या फाटकात शिरायचे असे ठरवले होते. फाटकाशी ब्रेक दाबला की गाडी आपणहून डावीकडे वळे, आणि गिऱ्हाइकाला वाटे की ती फार हलक्या हाताने वळते. हरीलाही तसेच वाटले. “कशी वळते बघ गो,” तो बायकोला म्हणाला.

ट्रायलवरून परत आल्यावर भागीबाईंनी ती मागणी केली.

भागीबाईंचे माहेर म्हशाकडचे. वडील हेडी, म्हणजे गुरांची खरेदी-विक्री करणारे. पौषात म्हशाची जत्रा भरते तेव्हा तिथे बैलांचा मोठा बाजार असतो, आणि भागीबाई त्या बाजारात लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांनी मला त्यांच्या वडिलांची रीत सांगितली. सौदा ठरण्याआधी घेणाऱ्याने एकदा विचारायचे. विकणाऱ्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याची खोड सांगायची. मारके आहे, जू मानेवर ठेवले की खाली बसते, पाण्यात शिरत नाही, जे असेल ते. सांगितलेली खोड घेणाऱ्याने पत्करली असे समजायचे. न सांगितलेली खोड पुढे निघाली तर जनावर परत.

“आन् खोडच नसली तर?” शेठनी त्यांच्याच बोलीची नक्कल करीत विचारले.

“बिनखोडीचं जनावर कोन इकंल, शेठ?” भागीबाई म्हणाल्या. “घरीच ठेवंल ना त्याला.”

यावर शेठनी माझ्याकडे एकदा पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला माहीत होता. आमच्या पावतीवर ‘गाडी जशी आहे तशी विकली’ असे छापलेले असे आणि बाकी तोंडाने काही कबूल करायचे नाही हा पेढीचा नियम होता.

मी बोनेटवर हात ठेवला. ते अजून गरम होते.

“ब्रेक दाबला की ही गाडी डावीकडे ओढते,” मी म्हणालो.

शेठनी हातातली काडेपेटी खिशात घातली. सौदा मोडला आणि बहुधा नोकरीही गेली, असे माझ्या मनात आले. त्याच वेळी हरीचा चेहरा मोकळा झाला.

“येवढंच?” तो म्हणाला. “माझा घोडा उजवीकडं वढायचा. पूल दिसला की हटकून उजवीकडं. सात साल हाकला त्याला.”

“आता जनावर कळलं,” भागीबाई म्हणाल्या. “आता बोला किमतीचं.”

हरीने खांद्यावरचा टॉवेल काढला, शेठच्या उजव्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घालून त्यांची बोटे धरली. गुरांच्या बाजारात किंमत अशी बोटे दाबून, रुमालाखाली ठरते. आजूबाजूच्यांना ती कळत नाही. शेठना रीत माहीत नव्हती. ते बावरले. “पोतदार, हा माझा हात कशाला दाबतो?” मी त्यांना समजावले, आणि मग मात्र त्यांना मजा वाटू लागली. बोटांचा हिशेब त्यांना जमेना, तेव्हा हरी टॉवेलाखाली बोटे दाबायचा आणि मी दोघांच्या मध्ये उभा राहून त्याचा अर्थ शेठच्या कानात सांगायचा. गुपित तिघांत वाटले गेले, पण सौदा ठरला. शेठना अपेक्षा होती त्याहून बरा ठरला.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर शेठनी मला केबिनमध्ये बोलावले.

“पोतदार, आज तू वाचलास. ती बाई म्हणाली नसती ‘कळलं’, तर?”

“तर गाडी राहिली असती, शेठ.”

“गाडी राहिली असती, तू राहिला नसतास. हरिश्चंद्र व्हायचे असेल तर स्वतःच्या दुकानात व्हायचे.”

पण ते रागात नव्हते. मी घरी गेलो तो फार समाधानाने. मालकाच्या समोर, त्याच्या डोळ्यांदेखत, मी गिऱ्हाइकाला खरे सांगितले होते. हे समाधान मला बरेच दिवस पुरले. पुढचे सांगण्यापूर्वी हे मला लिहून ठेवलेच पाहिजे, कारण पुढे जे घडले त्यात या समाधानाचा वाटा आहे.

आता ब्रेकविषयी दोन शब्द. मोटारीच्या चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो. आपण पायाने ब्रेक दाबला की आतल्या पट्ट्या त्या ड्रमला घासतात आणि चाक थांबते. या पट्ट्यांना लायनिंग म्हणतात. लायनिंग कोरडे असावे लागते. या गाडीला ब्रेक मागच्या दोन चाकांनाच होते. त्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या पेटीत, म्हणजे मागच्या एक्सलमध्ये, तेल असते आणि ते ब्रेकपर्यंत येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना सील असते. त्या गाडीचे उजव्या बाजूचे सील झिजले होते. तेल पाझरून उजव्या लायनिंगवर येत होते. त्यामुळे उजवे चाक नीट थांबत नसे, डावे थांबे, आणि गाडी डावीकडे ओढे. नवे सील, नवे लायनिंग, एका मिस्त्रीचे दोन दिवसांचे काम. हे सर्व मला ठाऊक होते. त्यातले मी फक्त ‘डावीकडे ओढते’ एवढेच सांगितले होते.

पौष महिन्यात शेठनी मला मुरबाडला पाठवले. तिथल्या एका भातगिरणीच्या मालकाला आपली जुनी मोटार विकायची होती, ती पाहून किंमत करायची होती. मी कल्याणहून सर्व्हिस मोटारीने सकाळी मुरबाडला उतरलो. गिरणीमालक घरी नव्हते. म्हशाच्या जत्रेला गेले होते, मोटार घेऊनच. आता काय करावे म्हणून मी नाक्यावर उभा होतो, तोच मागून हॉर्न वाजला.

“सायेब, म्हशाला का? बसा फुडं.”

हरीच होता. गाडी त्याने पुसून लखलखीत ठेवली होती. बोनेटवर हळदकुंकू लावलेले, आरशाला झेंडूचा हार. मागे दाटीवाटीने माणसे बसलेली, त्यांत घोंगड्यांचे गठ्ठे घेतलेले दोन व्यापारी. दोन्ही बाजूंच्या फुटबोर्डवर माणसे उभी. माझ्यासाठी त्याने पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याला मागे बसवले. म्हातारा कुरकुरला तेव्हा हरी म्हणाला, “आजा, ह्यांनीच ही मोटार मला दिली. हे नसते तर तू आज पायी चालला असतास.” म्हातारा तरीही कुरकुरतच मागे गेला.

धंदा बरा चालला होता. भागीबाई नाक्यावर उतारू गोळा करीत आणि भाडे ठरवीत, हरी गाडी चालवी. “तिच्याशी कोन हुज्जत घालनार, सायेब?” तो म्हणाला. “मानूस भाडं देतो आन् वर सुपारी देतो.” घोडा विकला तेव्हा घरात दोन दिवस कोणी बोलत नव्हते, आता शेजारचे लोक मोटारीचा हॉर्न ऐकून पोरांना उठवतात, असे तो सांगत होता. त्याचे ते बोलणे ऐकून मलाही बरे वाटत होते.

गाव सोडल्यावर त्याची चालवण्याची एक लकब माझ्या लक्षात आली. समोर बैलगाडी दिसली की ब्रेक दाबण्याच्या क्षणभर आधी तो स्टिअरिंग उजवीकडे वळवी. मग ब्रेक दाबी. गाडी डावीकडे ओढे, त्याने दिलेले उजवे वळण त्यात खर्ची पडे, आणि गाडी अगदी सरळ उभी राही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मी ते पाहिले. इतके सफाईने की मागच्या उतारूंना त्याचा पत्ताही लागत नव्हता.

मी कबूल करतो की प्रथम मला कौतुकच वाटले. नंतर जरा वेळाने मनात काहीतरी सलू लागले.

“हरीभाऊ, तो ब्रेक तुम्ही दुरुस्त करून घेतला नाहीत?”

“कंचा ब्रेक?”

“डावीकडे ओढतो तो.”

हरी मोठ्याने हसला. “सायेब, ती खोड नाय का? तुमीच सांगितली. खोड कुटं दुरुस्त व्हते? आपन तिला वळखून ऱ्हायाचं. मी वळखतो आता तिला. ती मला वळखते.”

“अहो, जनावराचे वेगळे. हे तेल गळून—”

“बघा,” मागचा एक घोंगडीवाला म्हणाला, “मुंबईवाला आला की गाडीत काय तरी नादुरुस्त निघतंच. दुकान तिकडं हाय ना त्यांचं.”

सगळे हसले. हरीही हसला, पण माझ्याकडे पाहून जरा संकोचाने. मी गप्प बसलो. भर गाडीत, त्याच्या उतारूंसमोर, त्याची मोटार नादुरुस्त आहे असे ठासून म्हणणे मला बरे दिसेना. म्हशाला पोचल्यावर बाजूला घेऊन नीट सांगू, असे ठरवले. हा विचार सभ्यतेचा होता. म्हसा तिथून फार लांब नव्हते.

पुढे रस्त्याला उतार लागतो आणि उताराच्या तळाशी एक मोरी आहे. मोरी म्हणजे ओढ्यावरचा लहानसा दगडी पूल, कठडा नसलेला. पौषात ओढा कोरडाच होता. मोरीच्या अलीकडे डाव्या हाताच्या शेतातून विकायला काढलेल्या बैलांच्या काही जोड्या रस्त्यावर चढत होत्या. शिंगे रंगवलेली, अंगावर झुली. त्यातला एक बैल हॉर्नने बुजून मधोमध येऊन उभा राहिला.

हरीने सवयीप्रमाणे स्टिअरिंग उजवीकडे वळवले आणि ब्रेक दाबला.

गाडी डावीकडे ओढली नाही.

नंतर मी स्वतः चाके उघडून पाहिली तेव्हा नेमके कारण कळले. एवढे ओझे घेऊन खडीच्या रस्त्यावर रोज धावल्यामुळे डाव्या बाजूचेही सील गेले होते आणि त्या बाजूचे लायनिंगही तेलाने माखले होते. आता डावे चाक उजव्यासारखेच झाले होते. दोन्ही नीट थांबत नव्हती. ओढणे बंद झाले होते, आणि ब्रेकही जवळजवळ बंद झाला होता. मघाशी डावे चाक अजून थोडे धरत होते, उतारावर पोचेपर्यंत तेही सुटले. हरीने दिलेले उजवे वळण खर्ची पडायला काही उरले नव्हते. गाडी त्याने वळवली होती तिकडेच गेली, मोरीच्या उजव्या कडेवरून खाली.

उंची फार नव्हती. माणसाच्या कमरेएवढी असेल. फुटबोर्डवरच्या माणसांनी उड्या टाकल्या. मागच्या लोकांना घोंगड्यांच्या गठ्ठ्यांनी सांभाळले. मला कपाळाला खोक पडली. म्हाताऱ्याला काहीच झाले नाही, तो उठून सगळ्यात आधी आपली काठी शोधू लागला. बैलही शाबूत होता. हरीचा उजवा पाय मात्र ब्रेकच्या पेडलवरच होता. शेवटपर्यंत तो दाबत राहिला होता. पुढचा भाग दगडावर आदळून पेडल मागे आले आणि त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला.

ज्या बैलांना वाचवायचे होते त्यांच्याच दोन जोड्या जुंपून बैलवाल्यांनी मोटार ओढ्यातून वर काढली. हरीला बाजेवर घालून एका बैलगाडीतून मुरबाडच्या दवाखान्यात आणले. वाटेत तो एकदाच बोलला.

“तिनं आज खोड सोडली, सायेब,” तो म्हणाला. “असं कसं झालं?”

मी त्याला उत्तर दिले नाही. उत्तर मला माहीत होते. जनावराची खोड जन्मभर तीच राहते, म्हणून तिच्याशी जुळवून घेता येते. यंत्राची खोड तशी राहत नाही. ती वाढत जाते आणि एके दिवशी दुसरीच होते. कोणत्याही वर्कशॉपमध्ये पहिल्या महिन्यात शिकतात ते हे ज्ञान. ते मला होते आणि त्याला नव्हते.

भागीबाई दवाखान्यात आल्या तेव्हा डॉक्टर पाय बांधत होते. त्या रडल्या नाहीत. नवऱ्याच्या उशाशी उभ्या राहिल्या, डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले, आणि पाय पुन्हा वाकणार नाही हे ऐकून घेतले. मग ओसरीवर आल्या. मी तिथे बाकावर बसलो होतो.

“तुमाला लय लागलं का, दादा?”

“नाही. बाई, मी शेठना सांगून गाडी परत घ्यायला लावतो. काहीही करून लावतो.”

“परत कशी देऊ?” त्या म्हणाल्या. “खोड सांगितली व्हती तुमी. माझ्या बापानं सांगितल्या खोडीचं जनावर कदी परत घेतलं नाय आन् कदी दिलं नाय.”

“ती खोड नव्हती, बाई. तो बिघाड होता. दुरुस्त होणारा.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “दुरुस्त व्हनारा?”

“हो.”

“किती टाइम लागला असता?”

“दोन दिवस.”

आत हरी कण्हत होता. मग पदराने त्यांनी बाकाची कड पुसली, उगीचच, आणि म्हणाल्या, “तुमाला वाटलं आसंल, आमाला म्हाईत हाय.”

माझ्यासाठी सबब त्यांनीच शोधून दिली. मी ती घेतली नाही, पण नाकारलीही नाही. मान खाली घालून बसलो.

खरे काय होते? बोनेटवर हात ठेवून मी ते वाक्य बोललो तेव्हा पुढचे वाक्य माझ्या ओठांवर होते. ‘हे सील बदलून घ्या.’ ते मला सुचले नाही असे नाही. पण ते म्हटले असते तर भागीबाई म्हणाल्या असत्या की मग आधी बदलून द्या, आणि शेठ तिथेच उभे होते. शिवाय, आणि हे मला कळायला अनेक वर्षे लागली, एकदा खरे बोलून झाल्यावर मला पुढे बोलण्याची गरजच वाटली नाही. माझे काम मी केले असे वाटले. त्यांच्या बाजाराची रीत मी त्यांच्यासमोर पाळली, त्यांच्याच शब्दात सांगितले, आणि त्यांनी ते त्यांच्याच शब्दात ऐकले. त्या शब्दाचा अर्थ त्यांच्याकडे काय आहे हे मला भागीबाईंनी दहा मिनिटांपूर्वी समजावून सांगितले होते. हरीने घोड्याची गोष्ट सांगितली तेव्हा तरी मला कळायला हवे होते. सात वर्षे हाकला, असे तो म्हणाला होता. मी हसलो होतो.

त्यानंतरचे काही रविवार मी मुरबाडला जात राहिलो. सील आणि लायनिंग मुंबईहून नेले, पुढचा भाग कल्याणच्या लोहाराकडून सरळ करून घेतला, आणि ब्रेक माझ्या हाताने बसवले. भागीबाई चहा करून देत आणि शेजारी बसून प्रत्येक भाग कशाचा ते विचारीत. “ह्ये झिजतं का?” “किती दिसांनी?” “कळतं कसं?” मी सांगत असे. एवढे नीट मी आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाला सांगितले नाही. सील कधी बदलायचे हे त्यांना पाठ झाले, पण पाय वाकत नसल्यामुळे हरीला आता गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी ड्रायव्हर ठेवला. मुरबाडच्या लोकांनी मात्र मोरीवरची गोष्ट विसरायचे नाकारले. उतारू कमी होत गेले. मग युद्ध सुरू झाले, पेट्रोलला कूपन लागले, आणि मोटार अंगणात उभी राहिली. भागीबाईंनी ती एका ठेकेदाराला विकली. कूपनांमुळे टांग्यांना पुन्हा दिवस आले होते. हरीने पुन्हा टांगा घेतला. पाय सरळ पुढे ठेवून तो बसत असे, म्हणून त्याच्या बाजूला उतारू एकच मावे. युद्ध संपेपर्यंत त्यावर त्यांचे बरे चालले. त्यानंतरचे मला ठाऊक नाही. विचारायला जायला हवे होते.

गाडी विकताना भागीबाईंनी ठेकेदाराला काय सांगितले, ते मला म्हशाच्या एका माणसाकडून कळले. कुठले सील कधी बसवले आणि कधी बदलायचे, हे त्यांनी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि मगच किल्ली दिली.

अपघाताच्या पुढच्या वर्षी आमच्या शोरूमवर म्हशाकडची दोन माणसे आली. एक दुधाचा धंदा करणारा, दुसरा त्याचा चुलतभाऊ. त्यांना जुना लहानसा ट्रक पाहिजे होता.

“पोतदार कोन?” त्यांनी दारातच विचारले.

“मी.”

“भागीबाय विशेनं धाडलं. म्हनली, खरं सांगनारा मानूस त्यो एकच हाय मुंबईत.”

केबिनमधून शेठनी ते ऐकले आणि बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या चांगुलपणात त्यांना आता धंदा दिसू लागला होता. “बसा, बसा,” ते पाहुण्यांना म्हणाले. “पोतदार, दाखव यांना. आणि हो, यांच्या रीतीप्रमाणे सगळे सांग हं.”

मी त्यांना ट्रक दाखवला आणि चार दिवसांनी यायला सांगितले. ट्रकच्या क्लचमध्ये दोष होता. चार दिवसांत मी तो वर्कशॉपमध्ये उतरवून घेतला, दुरुस्त केला आणि बिल शेठच्या टेबलावर ठेवले. शेठ अर्धा तास ओरडले. नोकरी गेली नाही. पगारातून काही महिने थोडे थोडे कापले गेले.

माणसे ठरल्या दिवशी आली. त्यांनी खोड विचारली. मी सांगितले की क्लचमध्ये दोष होता, तो दुरुस्त केला, आता नाही. दुधवाल्याला ते पटले नाही. तो बराच वेळ ट्रकभोवती फिरला, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि शेवटी चुलतभावाला हळूच म्हणाला, “ह्यो लपवतो काय तरी.”

सौदा मोडला. ट्रक पुढे दुसऱ्या कोणी घेतला.